भट्टीची धग, मूतखडा आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे पोलादाचे शहर म्हणून देशभर ओळखले जाते. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारण्यात आलेल्या येथील कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे, म्हणजेच कामगारांच्या बोलीतील ब्लास्ट फर्नेसचे, उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. भारतीय रेल्वेच्या रुळांचा मोठा पुरवठा याच कारखान्यातून होतो. मुंबई-हावडा लोहमार्गावरील या गावी देशाच्या सर्व प्रांतांतून कामगार आले. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती आणि त्यांपैकी अनेक येथेच स्थायिक झाली.

भिलाईसारख्या शहरात मूत्रसंस्थेचे दोन विकार माणसाच्या आयुष्यात दोन टप्प्यांवर भेटतात. भट्टीजवळ घाम गाळण्याच्या वयात मूतखडा आणि निवृत्तीनंतर प्रोस्टेट ग्रंथीची वाढ. या दोन्ही विकारांवर पूर्वी पोट किंवा कंबर उघडून शस्त्रक्रिया करावी लागे. आज त्यांपैकी बहुतेक शस्त्रक्रिया दुर्बिणीच्या साह्याने, एकही टाका न घालता किंवा अगदी लहान छेदातून करता येतात. मात्र छेद लहान झाला म्हणून आजार लहान होत नाही. शस्त्रक्रिया केव्हा करावी, कोणती करावी आणि तिच्यानंतर काय पाळावे, याबाबतच्या चुकांमुळे आजही अनेकांना मूत्रपिंड गमवावे लागते.

घाम आणि खडा

मूत्रपिंडे रक्तातील टाकाऊ द्रव्ये गाळून ती लघवीवाटे बाहेर टाकतात. शरीरातील पाणी घामावाटे अधिक गेले की मूत्रपिंडे पाणी वाचवू लागतात आणि लघवी कमी व गडद होते. अशा लघवीत कॅल्शियम ऑक्झलेट, युरिक आम्ल यांसारख्या क्षारांचे प्रमाण वाढते. पाण्यात फार मीठ घातले की ते विरघळेनासे होऊन तळाशी बसते. त्याचप्रमाणे लघवीतील क्षारांचे स्फटिक बनतात, ते एकमेकांना चिकटतात आणि खडा तयार होतो.

भट्टीच्या उष्णतेचा यातील वाटा संशोधनातून दिसून आलेला आहे. ब्राझीलमधील एका पोलाद कारखान्यातील दहा हजारांहून अधिक पुरुष कामगारांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. उष्ण विभागांत काम करणाऱ्यांपैकी सुमारे ८ टक्के कामगारांना मूतखड्याचा त्रास झालेला होता, तर सामान्य तापमानात काम करणाऱ्यांत हे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होते. त्यापूर्वी १९९३ मध्ये इटलीतील काच कारखान्यातील कामगारांबाबतही असेच निष्कर्ष निघाले होते.

हा धोका केवळ भट्टीपुरता मर्यादित नाही. छत्तीसगड आणि विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. शेतमजूर, वीटभट्टीवरील कामगार, ट्रकचालक, बांधकामावरील स्त्री-पुरुष या सर्वांच्या शरीरातील पाणी याच रीतीने आटते. कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृह नसल्यामुळे अनेक स्त्रिया दिवसभर पाणी पिण्याचे टाळतात. त्यांनाही खडा व मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग या दोहोंचा धोका असतो.

सुश्रुतापासून दुर्बिणीपर्यंत

मूतखड्यावरील शस्त्रक्रिया भारताला नवी नाही. सुश्रुतसंहितेत मूत्राशयातील अश्मरी काढण्याच्या शस्त्रक्रियेचे तपशीलवार वर्णन आहे. शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यश अनिश्चित, म्हणून अधिपतीची अनुमती घेऊनच वैद्याने शस्त्र हाती घ्यावे, असा सल्ला त्या ग्रंथात दिला आहे. जोखीम आधी सांगून संमती घेण्याचा विचार येथे स्पष्ट दिसतो.

शरीर न कापता खडा फोडण्याचा मार्ग फ्रान्समध्ये निघाला. पॅरिसचे शल्यविशारद ज्यां सिव्हियाल यांनी १८२४ मध्ये मूत्रमार्गातून उपकरण घालून मूत्राशयातील खडा फोडला. अमेरिकेतील हेन्री बिगेलो यांनी १८७८ मध्ये खडा फोडून त्याचा चुरा एकाच बैठकीत धुऊन काढण्याची पद्धत मांडली. होळकरांच्या इंदूरमध्ये रेसिडेन्सी सर्जन असलेले डॉ. कीगन यांनी १८८० च्या दशकात ही पद्धत लहान मुलांवरही यशस्वी होते हे दाखवून दिले. त्या काळी मूत्राशयातील खडा हा भारतात मुलांचा सर्रास आढळणारा आजार होता.

हे सारे डॉक्टर हाताच्या अंदाजाने काम करीत. मूत्राशयाच्या आत प्रकाश टाकून पाहण्याचे उपकरण जर्मनीचे माक्स नित्से यांनी १८७७ च्या सुमारास बनविले. पुढे ब्रिटनमधील भौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या काचकांड्यांच्या भिंगयोजनेमुळे दुर्बिणीतील चित्र स्वच्छ झाले. स्वीडनमधील फर्नस्ट्रॉम व जोहान्सन यांनी १९७६ मध्ये पाठीतील छिद्रातून मूत्रपिंडातील खडे काढले. फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिक येथे शरीराबाहेरून आघात लहरी सोडून खडा फोडण्यात आला. गुजरातमधील नडियाद येथे १९७८ मध्ये मूत्ररोगांसाठी वाहिलेले मुळजीभाई पटेल रुग्णालय सुरू झाले आणि या नव्या पद्धतींच्या प्रशिक्षणाचे ते देशातील एक महत्त्वाचे केंद्र ठरले.

पद्धत कशी ठरते

खड्यावरील उपचार तीन गोष्टींवरून ठरतात: खड्याचा आकार, त्याची जागा आणि त्याचा कठीणपणा. यासाठी लघवी व रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी आणि आवश्यकतेनुसार सी. टी. स्कॅन करण्यात येते.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान खड्यांपैकी बहुतेक खडे पुरेसे पाणी व औषधे घेतल्यास लघवीवाटे आपोआप पडतात. एक सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा मात्र स्वतःहून पडण्याची शक्यता फारच कमी असते.

मूत्रपिंडातील दोन सेंटिमीटरपर्यंतच्या, फार कठीण नसलेल्या खड्यांसाठी आघात लहरींचा उपचार करता येतो. यात छेद नसतो. मात्र चुरा लघवीवाटे बाहेर पडावा लागतो आणि काही वेळा हा उपचार पुन्हा करावा लागतो.

मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या मूत्रवाहिनीत खडा अडकला असल्यास मूत्रमार्गातून बारीक दुर्बीण वर नेऊन लेझरने खड्याचा चुरा करतात. वळणारी लवचीक दुर्बीण थेट मूत्रपिंडाच्या कप्प्यांपर्यंत पोहोचते. या दोन्ही प्रकारांत शरीरावर एकही टाका नसतो.

दोन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या खड्यांसाठी पाठीच्या बाजूने सुमारे एक सेंटिमीटरचा, आणि अलीकडच्या उपकरणांत त्याहूनही लहान, छेद घेऊन मूत्रपिंडापर्यंत मार्ग करण्यात येतो आणि त्यातून खडे फोडून काढले जातात. मोठा खडा एकाच वेळी काढण्याची क्षमता या पद्धतीत अधिक आहे. तथापि रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांचा धोकाही तुलनेने अधिक असतो. त्यामुळे सर्वांत लहान छेदाची पद्धत प्रत्येकासाठी सर्वांत चांगली असतेच असे नाही.

वेदना थांबली तरी

मूतखड्याची कळ असह्य असते. कंबरेतून सुरू होऊन ती जांघेकडे उतरते, मळमळते, लघवी लालसर होते. इंजेक्शनने कळ थांबते आणि रुग्ण कामावर परततो. खरा धोका येथून पुढे सुरू होतो.

मूत्रवाहिनीत अडकलेला खडा काही काळानंतर दुखेनासा होऊ शकतो, परंतु अडथळा कायम असतो. लघवी मागे साचून मूत्रपिंड फुगते आणि आठवडे, महिने असेच गेल्यास त्याचे कार्य हळूहळू बंद पडते. दुसरे मूत्रपिंड काम सांभाळत असल्याने रुग्णाला काहीच जाणवत नाही. पुढे कधीतरी दुसऱ्या कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत एक मूत्रपिंड निकामी झाल्याचे आढळते. म्हणूनच कळ थांबल्यावरही खडा पडला की नाही, याची सोनोग्राफीने खात्री करून घेणे आवश्यक आहे.

खड्याबरोबर थंडी वाजून ताप येत असेल तर ती तातडीची स्थिती समजावी. अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाल्यास तो रक्तात पसरून जिवावर बेतू शकते. अशा वेळी प्रथम नळी टाकून लघवीला वाट करून दिली जाते आणि संसर्ग आटोक्यात आल्यावरच खडा काढला जातो. एकच मूत्रपिंड असलेल्या व्यक्तीची लघवी अचानक बंद होणे हीदेखील तितकीच गंभीर बाब आहे.

आत राहिलेली नळी

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर अनेकदा मूत्रपिंड व मूत्राशय यांच्यामध्ये स्टेंट नावाची एक मऊ, पातळ नळी ठेवण्यात येते. मूत्रवाहिनीला सूज आली तरी लघवी अडू नये, हा तिचा उद्देश असतो. ही नळी बाहेरून दिसत नाही. बहुधा काही आठवड्यांत ती मूत्रमार्गातूनच काढून टाकायची असते.

नेमकी येथेच गफलत होते. खडा निघाला, दुखणे थांबले, घरी सोडले. त्यामुळे उपचार संपला, असा अनेकांचा समज होतो. लांबच्या खेड्यातून आलेल्या मजुराला पुन्हा रोजगार बुडवून शहरात येणे परवडत नाही. काहींना आत नळी आहे हेच नीट सांगितलेले नसते किंवा समजलेले नसते. महिनोन्महिने आत राहिलेल्या नळीवर क्षारांचे थर बसतात, ती कडक होते, तिच्यावर नवे खडे धरतात आणि ती तुटूही शकते. पाच मिनिटांत निघणाऱ्या नळीसाठी मग मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ येते. काही रुग्णांत मूत्रपिंडही वाचविता येत नाही.

नळी ठेवली आहे काय आणि ती कोणत्या तारखेला काढायची आहे, हे रुग्णालयातून निघताना कागदावर लिहून घ्यावे. ती तारीख घरातील दुसऱ्या एखाद्या व्यक्तीलाही माहीत असावी.

साठीनंतरची ग्रंथी

पहिली भट्टी पेटली त्या काळी भिलाईत आलेली पिढी केव्हाच निवृत्त झाली आणि तिच्यामागून आलेले कामगारही आता ज्येष्ठ नागरिक झाले आहेत. या वयातील पुरुषांचा प्रमुख त्रास म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीची वाढ.

मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाभोवती असलेली ही ग्रंथी तरुणपणी साधारण २० ग्रॅम वजनाची असते. वयाबरोबर ती वाढत जाते. साठीच्या घरातील सुमारे निम्म्या पुरुषांत आणि ऐंशी ओलांडलेल्या दहांपैकी आठ-नऊ जणांत ही वाढ आढळते. मात्र प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही. लघवीची धार बारीक होणे, सुरू होण्यास वेळ लागणे, रात्री अनेकदा उठावे लागणे, लघवी पूर्ण झाल्यासारखे न वाटणे ही लक्षणे आहेत. ही वाढ कर्करोग नव्हे आणि तिचे कर्करोगात रूपांतरही होत नाही. तथापि दोन्ही विकार एकाच वयात होऊ शकत असल्याने डॉक्टर तपासणी व आवश्यकतेनुसार पी. एस. ए. ही रक्तचाचणी करतात. ग्रंथी लहान करणाऱ्या फिनास्टराइडसारख्या गोळ्यांमुळे या चाचणीचा आकडा सुमारे निम्म्यावर येतो. अशा गोळ्या सुरू असल्यास डॉक्टरांना तसे अवश्य सांगावे.

बहुतेकांना प्रथम औषधे देण्यात येतात. एका प्रकारच्या गोळ्या ग्रंथीचे स्नायू सैल करतात व काही दिवसांत आराम देतात. दुसऱ्या प्रकारच्या गोळ्यांनी ग्रंथी आकसते, पण त्यास काही महिने लागतात. सर्दी-पडशाच्या काही औषधांमुळे अशा रुग्णांची लघवी अचानक अडू शकते. त्यामुळे दुकानातून परस्पर गोळी घेणे टाळावे.

लघवी पूर्णपणे अडणे, पुन्हा पुन्हा रक्त येणे किंवा जंतुसंसर्ग होणे, मूत्राशयात खडे होणे, अथवा मागे साचलेल्या लघवीमुळे मूत्रपिंडांवर परिणाम होणे, या स्थितींत शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. वयाचा परिणाम म्हणून वर्षानुवर्षे सहन करीत राहिल्यास मूत्राशयाचे स्नायू थकतात. त्यानंतर ग्रंथी काढली तरी लघवी पूर्ववत होईलच याची शाश्वती देता येत नाही.

दुर्बिणीतून प्रोस्टेट

पोट उघडून प्रोस्टेटची वाढ काढण्याची पद्धत पीटर फ्रेयर यांनी १९०१ मध्ये प्रसिद्धीस आणली. लंडनला जाण्यापूर्वी त्यांनी दीर्घकाळ उत्तर भारतात सरकारी वैद्यकीय सेवा केली होती. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून विजेच्या तारेने ग्रंथीचे काप काढण्याचे उपकरण अमेरिकेत १९२६ ते १९३१ या काळात विकसित झाले. टी. यू. आर. पी. या नावाने ओळखली जाणारी ही शस्त्रक्रिया आजही सर्वाधिक परिचित आहे. कमरेखालचा भाग बधिर करून ती केली जाते. लघवीची नळी दोन-तीन दिवस ठेवतात आणि रुग्ण साधारणपणे त्यानंतर घरी जातो.

जुन्या पद्धतीत शस्त्रक्रियेच्या वेळी धुण्यासाठी वापरलेला द्रव रक्तात शिरून सोडियम घटण्याचा धोका असे. नव्या उपकरणांत साधे सलाइन वापरता येत असल्याने हा धोका बराच कमी झाला आहे. मोठ्या ग्रंथीसाठी, साधारण ८० ग्रॅमच्या पुढे, होल्मियम लेझरने ग्रंथीचा वाढलेला भाग सालीपासून संत्र्याचा गर सोडवावा तसा सोडवून काढण्यात येतो. न्यूझीलंडमध्ये १९९० च्या दशकात ही पद्धत विकसित झाली. प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया मात्र निराळी असते. तीत संपूर्ण ग्रंथी काढावी लागते आणि ती लॅप्रोस्कोपीने किंवा यंत्रमानवाच्या साह्याने करता येते.

एका परिणामाविषयी रुग्णांशी मोकळेपणाने बोलले जात नाही. टी. यू. आर. पी. किंवा लेझर शस्त्रक्रियेनंतर बहुसंख्य पुरुषांत वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते. त्याने प्रकृतीला अपाय होत नाही, परंतु आधी कल्पना नसल्यास मनावर परिणाम होतो. संकोच न करता याविषयी विचारणे हा रुग्णाचा अधिकार आहे.

खर्च आणि सोय

भिलाईत सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र हे पोलाद कारखान्याचे मुख्य रुग्णालय आहे. शेजारच्या रायपूर येथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था २०१२ पासून कार्यरत आहे. त्यामुळे पूर्वीप्रमाणे प्रत्येक अवघड शस्त्रक्रियेसाठी नागपूर किंवा मुंबई गाठण्याची गरज उरलेली नाही.

सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न लावता, या योजनेत सामील करून घेण्यात आले. प्रोस्टेटचा त्रास प्रामुख्याने याच वयातील असल्याने ही तरतूद महत्त्वाची आहे. रुग्णालय योजनेत नोंदलेले आहे काय आणि सुचविलेली नेमकी शस्त्रक्रिया तीत बसते काय, हे दाखल होण्यापूर्वी विचारून घ्यावे.

शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर

डॉक्टरांना काही प्रश्न अवश्य विचारावेत. शस्त्रक्रिया आत्ताच आवश्यक आहे की औषधांवर काही काळ थांबता येईल? हीच पद्धत का निवडली? खडा पूर्ण निघेल की दुसरी बैठक लागेल? नळी ठेवणार काय? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, हृदयविकार यांची माहिती स्वतःहून द्यावी. शस्त्रक्रियेपूर्वी लघवीतील जंतूंची तपासणी झाली आहे काय, हेही पाहावे. घरी गेल्यानंतर ताप येणे, लघवीत रक्ताच्या गुठळ्या दिसणे किंवा लघवी अडणे यांपैकी काहीही घडल्यास वाट न पाहता रुग्णालयात जावे.

खडा काढल्याने खडा होण्याची प्रवृत्ती जात नाही. काढलेल्या खड्याचे रासायनिक परीक्षण करून घेतल्यास पुढील पथ्य ठरविता येते. दिवसाला किमान अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पिणे हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. उन्हात किंवा भट्टीपाशी काम करणाऱ्यांना त्यासाठी बरेच अधिक पाणी लागते. लघवीचा रंग फिकट राहतो की नाही, ही त्याची सोपी खूण. मीठ व मांसाहार बेताचा ठेवावा. दूध मात्र बंद करू नये, कारण आहारातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते. मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

कामगारांसाठी हा प्रश्न केवळ वैयक्तिक पथ्याचा नाही. कामाच्या जागी पिण्याचे थंड पाणी, ते पिण्यासाठी सवड आणि जवळ स्वच्छतागृह असेल तरच हा सल्ला पाळता येतो. दुर्बीण आणि लेझर यांनी शस्त्रक्रियेची भीती बरीच कमी केली आहे. वेळेवर तपासणी, ठरल्या तारखेला नळी काढणे आणि पुरेसे पाणी ही त्रिसूत्री पाळल्यास मूत्रपिंडे आयुष्यभर साथ देऊ शकतात.